बांधकामाचा कस

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त लखनौ येथे भरलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



सोने-चांदीच्या गलाईचा व्यवसाय हाती घेऊन आपल्या दुष्काळी टापूतील माणसे देशभरातील सराफ बाजारांत पोहोचली, त्यांतील काही या लखनौ नगरीतही स्थिरावली. परंतु गावाशी असलेले नाते कोणी सैल होऊ दिले नाही. मंदिराचा जीर्णोद्धार असो, पाण्याची टाकी असो की शाळेची खोली असो, त्यात तुमच्या कष्टाच्या पैशाचा वाटा आहे. आता हीरकमहोत्सवी इमारतीसाठीही तुम्ही हात पुढे केला आहे. त्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करण्यासाठी मी आलेच आहे. पण नुसते आभार मानून परतणे मला पुरेसे वाटत नाही. तुमच्या पैशातून उभी राहणारी इमारत कशी बांधली जावी आणि ती नीट बांधली गेली हे तुम्हाला कसे कळावे, याविषयी मी आज बोलणार आहे.

स्थापत्यशास्त्र हा माझा विषय नाही. मात्र ज्या छताखाली शेकडो मुले दिवसाचे सहा तास बसणार आहेत, त्या छताविषयी प्रश्न विचारणे हा मुख्याध्यापकाच्या कामाचाच भाग आहे. गेले वर्षभर मी हे प्रश्न अभियंत्यांना विचारत आले. त्यांच्या उत्तरांतून जे समजले, ते तुमच्यासमोर ठेवते.

आपल्या जुन्या इमारतीपासून सुरुवात करू. शाळा १९६५ साली सुरू झाली. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला आणि सारा पश्चिम महाराष्ट्र हादरला. आपल्या भिंती त्यातून तरल्या, याचा आपल्याला अभिमान आहे. परंतु वरचा मजला चढवता येईल का, असे अभियंत्यांना विचारले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "मूळ नकाशा कुठे आहे?" नकाशा नव्हता. पाया किती खोल, खांबांत सळया किती, भिंतीतून नळ कोठून गेले आहेत, यांतील एकाही गोष्टीची नोंद शाळेच्या दप्तरात नाही. ज्या गवंड्यांनी ती इमारत बांधली, त्यांना सारे तोंडपाठ होते. ते गेले आणि त्यांच्याबरोबर ती माहितीही गेली. परिणामी पाया पाहण्यासाठी कोपरे खणावे लागले आणि गळका नळ शोधण्यासाठी भिंत फोडावी लागली.

ही केवळ आपल्या शाळेची गोष्ट नाही. बांधकामाचा एक स्वभावच असा की त्यातील सर्वांत महत्त्वाचे काम सर्वांत आधी झाकले जाते. पाया मातीआड जातो, सळई काँक्रीटआड जाते आणि वायर गिलाव्याआड. रंग लावलेली भिंत सगळ्यांना दिसते. त्या रंगामागे काय आहे, ते बांधणाऱ्याशिवाय कोणालाच ठाऊक नसते.

एक साधे उदाहरण देते. खांबातील उभ्या सळयांभोवती ज्या रिंगा घालतात, त्यांची टोके १३५ अंशांपर्यंत आत वळवलेली असावीत, असे भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक सांगते. ती ९० अंशांतच वळवून सोडली, तर भूकंपाच्या हादऱ्यात रिंग उघडते आणि खांब फुटतो. टोक थोडे अधिक वळवायचे, एवढेच काम. मजुराचा थोडा वेळ जातो आणि बोटभर सळई जास्त लागते. पण काँक्रीट ओतल्यावर ते टोक कोणत्या अंशात वळले होते, हे डोळ्यांनी कधीच दिसणार नाही. सळईवरील काँक्रीटच्या आवरणाचेही तसेच. खांबात ते साधारणपणे ४० मिलिमीटर असावे लागते. कमी पडले तर काही वर्षांत सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. तोवर ठेकेदाराचे बिल चुकते झालेले असते आणि पुष्कळदा देणगीदारांच्या नावाची पाटीही जुनी झालेली असते.

तुमच्या व्यवसायात ही अडचण तुम्ही फार पूर्वी ओळखली. दागिना घडल्यावर त्याच्या आतील सोने पिवळे आहे की हिणकस, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून टंच काढण्याची रीत आली, कसोटीचा दगड आला आणि पुढे हॉलमार्क आला. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या हॉलमार्क दागिन्यावर अंक आणि अक्षरे मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी क्रमांक असावा लागतो. तो बीआयएस केअर या अॅपवर घातला की दागिन्याची माहिती ग्राहकाला पाहता येते. आता मी विचारते, काही ग्रॅम सोन्याच्या दागिन्याला स्वतःची ओळख आणि तपासता येईल अशी नोंद असू शकते, तर ज्या खांबावर मुलांच्या वर्गाचे छत टेकले आहे, त्या खांबाला ती का असू नये?

संगणकाधारित तंत्राने ही सोय बांधकामात उपलब्ध करून दिली आहे. तिला इमारत माहिती प्रतिमान म्हणता येईल. अभियंत्यांच्या बोलण्यात तिचे नाव 'बिम' असे येते. कागदावरील नकाशा म्हणजे रेषांचे चित्र. त्यातील दोन समांतर रेषा भिंत आहेत, हे वाचणाऱ्याने समजून घ्यायचे असते. बिममध्ये भिंत ही भिंत म्हणूनच नोंदलेली असते. तिची लांबी, उंची, जाडी, साहित्य, तिच्यातील खिडकी आणि खिडकीवरील लिंटेल हे सारे एकमेकांशी जोडलेले असते. खिडकी एक फूट सरकवली, तर विटांचा हिशेब आपोआप बदलतो. ही कल्पना आजची नव्हे. अमेरिकेतील प्राध्यापक चार्ल्स ईस्टमन यांनी १९७०च्या दशकातच तिची मांडणी केली होती. संगणक स्वस्त आणि समर्थ झाले, तेव्हा ती बांधकामाच्या जागेपर्यंत पोहोचली. ब्रिटनमध्ये २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकामांसाठी ही पद्धत आवश्यक करण्यात आली.

तिचा पहिला लाभ असा की चूक प्रत्यक्ष घडण्यापूर्वी पडद्यावर सापडते. वास्तुविशारद एक नकाशा काढतो, खांब-तुळयांचा अभियंता दुसरा आणि नळजोडणीवाला तिसरा. तिन्ही नकाशे आपापल्या जागी बरोबर असतात. पण एकत्र येतात तेव्हा सांडपाण्याचा पाइप नेमका तुळईतून गेलेला दिसतो. हे जागेवर लक्षात आले तर तुळईला छिद्र पाडण्याचा मोह होतो आणि इमारत कायमची दुबळी होते. प्रतिमानात तिन्ही नकाशे एकावर एक बसवले की संगणक अशा टकरी शोधून दाखवतो. तेथे चूक दुरुस्त करण्याचा खर्च म्हणजे अभियंत्याचा थोडा वेळ. जागेवर तीच चूक दुरुस्त करायची तर हातोडा, छिन्नी आणि वाया गेलेले सिमेंट.

आपल्या महाराष्ट्रातील ठळक उदाहरण नागपूर मेट्रोचे. तेथे पाच परिमाणांचे प्रतिमान वापरण्यात आले. लांबी, रुंदी आणि उंची ही तीन परिमाणे आपण भूमितीत शिकतो. चौथे परिमाण वेळेचे, म्हणजे कोणता भाग कोणत्या तारखेला उभा राहील याचे. पाचवे खर्चाचे. पाचही एकत्र बांधली की अमुक एक खांब आठवडाभर लांबला तर पुढची कोणती कामे अडतील आणि पैशाची गरज केव्हा बदलेल, हे आधीच दिसू लागते. वर्धा मार्गावर ३.१४ किलोमीटर लांबीचा दुमजली पूल आहे. खाली जुना रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो. गिनीज बुकात नोंद झालेल्या अशा पुलावर रस्त्याचे आणि रेल्वेचे काम एकाच खांबाच्या आधाराने करायचे, तर प्रत्येकाने आपापला नकाशा उराशी धरून चालणार नव्हते.

या लखनौतही एक प्रयोग तुम्ही जवळून पाहिला असेल. १ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधानांनी देशातील सहा ठिकाणी 'लाइट हाउस' गृहप्रकल्पांचा शिलान्यास केला. इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा आणि लखनौ अशी ती सहा शहरे, आणि प्रत्येक ठिकाणी बांधण्याची पद्धत निराळी. येथील अवध विहार योजनेत १०४० घरे उभारताना पोलादी सांगाडा आणि पीव्हीसीच्या पोकळ साच्यांच्या भिंती वापरल्या गेल्या. हे साचे सेंटरिंगप्रमाणे काढून घ्यायचे नसतात. आत काँक्रीट भरले की ते भिंतीचाच भाग होऊन राहतात. जुलै २०२१ मध्ये दिल्लीत बसून ड्रोनच्या साहाय्याने या सहाही जागांच्या कामाची पाहणी करण्यात आली. अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि तरुण अभियंते यांना जागेवरच हे तंत्र शिकता यावे, म्हणून 'टेक्नोग्राही' या नावाने त्यांची नोंदणीही करण्यात आली. शिक्षिका म्हणून मला ही बाब फार मोलाची वाटते.

परंतु याच उदाहरणातील दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे प्रकल्प बारा महिन्यांत पूर्ण करण्याचे योजले होते. लखनौच्या प्रकल्पाचे लोकार्पण १० मार्च २०२४ रोजी झाले, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ लागला. मध्यंतरी महासाथीची लाट येऊन गेली, हे खरेच. तरीही बोध घ्यायचा तो हा, की ड्रोन काम किती झाले ते दाखवतो. काम करून देत नाही. साहित्य वेळेवर येणे, निर्णय वेळेवर होणे आणि हातांना कौशल्य असणे या गोष्टी माणसांकडेच राहतात. नवे यंत्र आणले की आपली जबाबदारी संपली, अशा समजुतीत कोणी राहू नये.

माणसांचा विषय निघाला, म्हणून याच नगरीतील बड्या इमामबाड्याकडे वळते. नवाब आसफउद्दौला यांनी १७८४च्या दुष्काळात त्याचे काम काढले, ते लोकांच्या हाताला काम आणि पोटाला अन्न मिळावे म्हणून. सुमारे ५० मीटर लांब आणि १६ मीटर रुंद अशा दालनावर तुळईविना तोललेली ती कमान, तिच्यावरची भूलभुलैया, आणि हे सारे लखौरी विटा व चुना यांतून उभे केलेले. किफायतउल्ला हे त्याचे वास्तुकार. संगणक नसतानाही इतके अचूक काम करणारी बुद्धी आणि हात या देशात होते, याचे ते प्रमाण आहे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की इमारत बांधणे म्हणजे माणसांना सांभाळणे, हा विचार त्या कामाच्या मुळाशी होता. नवे तंत्र आणताना तो आपल्या हातून सुटता कामा नये.

म्हणून कामगारांविषयी दोन शब्द. आपल्या जिल्ह्यांतून तुम्ही येथे आलात, तसेच याच उत्तर प्रदेशातून असंख्य गवंडी, सुतार आणि सळई बांधणारे कारागीर महाराष्ट्रात येतात. शाळेच्या इमारतीवरही ते असणार. दोन्हीकडच्या माणसांनी परमुलखात घाम गाळला आहे. परक्या गावात कोणी हिशेबात घेत नाही तेव्हा काय वाटते, ते तुम्हाला मी सांगायला नको. बांधकामावरील कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला. मागील वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराची कल्याणकारी मंडळाकडे नोंद होऊ शकते आणि त्यासाठी बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर घेतला जातो. तो भरून आपण मोकळे होऊ नये. हजेरी मोबाइलवर घेणार असू, तर त्याच हजेरीतून कामगाराला त्याच्या दिवसांचा दाखला मिळाला पाहिजे. ज्या नोंदीतून मालकाला कामगारावर नजर ठेवता येते, त्या नोंदीतून कामगाराला त्याचा हक्कही मिळाला, तरच ती न्याय्य.

आणखी एक मुद्दा भाषेचा, आणि तो मराठी शाळेने मांडलाच पाहिजे. प्रतिमान कितीही उत्तम असले तरी ते इंग्रजीत, अभियंत्याच्या संगणकात बंद राहिले, तर जागेवर जुनेच चालू राहते. थापी ज्याच्या हातात आहे, त्याला ते कळले पाहिजे. पाया, खांब, तुळई, रिंग, आवरण असे शब्द लिहिलेली आणि बाजूस हिंदीही असलेली रंगीत चित्रे प्रत्येक टप्प्यापूर्वी जागेवर लावता येतात. १३५ अंश म्हणजे किती, हे आकड्याने सांगण्यापेक्षा वळवलेल्या सळईचा एक नमुना टांगून ठेवावा. ओळंबा आणि पाणसळ ज्याला अचूक वापरता येते, त्या माणसाला पडद्यावरचे चित्र समजत नाही, असे मानणे हा त्याचा अवमान आहे. त्याच्या भाषेत सांगण्याचे कष्ट आपण घेत नाही, एवढेच त्याचे कारण.

आता पारदर्शकतेविषयी. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी २०१६ साली रेरा कायदा झाला. १ मे २०१७ पासून महारेरा काम करू लागले. उत्तर प्रदेशच्या प्राधिकरणाचे मुख्यालय तर या लखनौतच आहे. या कायद्याने बांधकाम व्यावसायिकाला प्रकल्पाची माहिती संकेतस्थळावर ठेवणे भाग पडले. ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात मूलभूत दोष आढळला, तर तो विनामूल्य दूर करून द्यावा लागतो. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही आला. शाळेच्या इमारतीला हा कायदा लागू होत नाही. पण ज्याने पैसे दिले त्याला घरबसल्या काम पाहता यावे, हे तत्त्व देणगीदारांना का लागू असू नये? फ्लॅट विकत घेणाऱ्याला जो हक्क आहे, तो निरपेक्ष भावनेने दान देणाऱ्याला नाकारणे बरोबर होणार नाही.

या सर्व विचारांतून शाळा समितीपुढे पाच गोष्टी ठेवल्या आहेत. तुमच्या संमतीनेच त्या पुढे न्यायच्या आहेत.

पहिली, नकाशे एकत्र बसवून टकरी तपासल्याखेरीज कुदळ मारायची नाही. आपली इमारत लहान आहे. तिला मेट्रोइतके गुंतागुंतीचे प्रतिमान लागत नाही. खांब, तुळया, नळ आणि वीज एवढे एका प्रतिमानात आले तरी पुरे.

दुसरी, जे झाकले जाणार त्याचे छायाचित्र झाकण्यापूर्वी घ्यायचे. पंतप्रधान आवास योजनेत घराच्या प्रत्येक टप्प्याचे स्थळाची खूण असलेले छायाचित्र घेतले जाते आणि त्यानुसार हप्ता मिळतो. मोबाइलवर होणारे हे काम आपल्याला अवघड नाही. प्रत्येक खांबाला क्रमांक द्यावा. सळया बांधून झाल्या की मोजपट्टी लावून तारखेसह छायाचित्र घ्यावे आणि ते त्या क्रमांकाखाली ठेवावे. त्यावर अभियंत्याची सही झाल्याशिवाय काँक्रीट ओतू नये.

तिसरी, काँक्रीटचा टंच. ओतताना त्यातूनच १५० मिलिमीटरचे ठोकळे भरतात आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून पाहतात. एम-२५ काँक्रीट सांगितले असेल, तर त्याने दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसला पाहिजे. ठोकळे कोणत्या खांबाचे किंवा कोणत्या स्लॅबचे, हे त्याच वेळी नोंदवले गेले पाहिजे. नाहीतर चांगल्या काँक्रीटचे ठोकळे पाठवून हलके काँक्रीट ओतता येते. भेसळ कोठे होऊ शकते, हे तुमच्याहून अधिक कोण जाणतो?

चौथी, प्रत्येक हप्ता त्या त्या टप्प्याच्या नोंदी पूर्ण झाल्यावरच द्यायचा, आणि या नोंदी व हिशेब लखनौत, दिल्लीत, कोठेही बसून प्रत्येक देणगीदाराला पाहता येतील असे ठेवायचे.

पाचवी गोष्ट अशी, की काम संपल्यावर इमारत जशी प्रत्यक्ष झाली तशी तिची संपूर्ण माहिती शाळेच्या ताब्यात यावी. संगणकावर दोन ठिकाणी आणि कागदावरही. संगणकाची पद्धत वीस वर्षांत बदलेल. कागद कपाटात राहील.

यावर एक आक्षेप मला ऐकवण्यात आला आहे. "बाई, एवढा अविश्वास दाखवला तर चांगला ठेकेदार मिळणार नाही." माझा अनुभव शाळेचा आहे. उत्तरपत्रिका तपासली म्हणून अभ्यासू मुलाचा अपमान होत नाही. उलट न तपासता गुण दिले तर त्याच्यावर अन्याय होतो. नोंद ठेवण्याने प्रामाणिक ठेकेदाराचे काम उठून दिसते आणि उद्या कोणी खोटा आरोप केला, तर तीच नोंद त्याची बाजू मांडते. ज्याला नोंद नको आहे, त्याचे काम आपल्यालाही नको.

दुसरा आक्षेप खर्चाचा. प्रतिमानासाठी अधिक पैसे लागतील, हे मान्य आहे. त्यासाठी प्रवेशद्वारावरील कमान थोडी साधी करावी लागली तरी चालेल, असे माझे मत आहे. कमान फोटोत दिसते, रिंगेचे वळवलेले टोक दिसत नाही. पण भूकंपाच्या क्षणी मुलांना कोणते वाचवील, हे आपण सर्व जाणतो.

बंधु-भगिनींनो, आणखी साठ वर्षांनी शाळेच्या दुसऱ्या कोणी मुख्याध्यापिका या इमारतीवर मजला चढवू पाहतील. त्या वेळी आपल्यापैकी फारसे कोणी नसेल. त्यांनी कपाट उघडावे आणि पाया किती खोल आहे, सळई किती जाडीची आहे, काम कोणी केले, पैसे कोणी दिले, हे त्यांना तेथे वाचता यावे. भिंत फोडून पाहण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

तुम्ही देणगी देणारच आहात. माझी विनंती एवढीच, की देणगीबरोबर दर महिन्याला एक प्रश्नही पाठवा: "या महिन्यात काय झाकले, आणि झाकण्यापूर्वी कोणी पाहिले?" त्याचे उत्तर देण्यास शाळा बांधील राहील.